आमची बार्ज कापलीत, आता उत्तर द्या

माननीय मंत्री महोदय,

स.न.वि.वि. ज्या बार्जवरून, म्हणजे सपाट तळाच्या कामाच्या बोटीवरून, आम्ही पाणबुड्यांनी धक्क्यांचे पाये घातले, ती गेल्या आठवड्यात भंगारात कापली गेली. ती जपणार, असं आम्हाला लेखी कळवलं होतं. ते पत्र माझ्याकडे आहे.

मुलीकडे डब्लिनला गेलो, तेव्हा लिफी नदीच्या धक्क्यावर बंदराचे इंजिनिअर स्टोनी यांची डायव्हिंग बेल पाहिली. नव्वद टनांची, तळ उघडा असलेली लोखंडी पेटी. उलटं पातेलं पाण्यात दाबावं तशी ती बार्जवरून तळाशी सोडत. वरून दाबाची हवा भरली की पाणी आत शिरत नसे. सहा माणसं नळकांड्यातून खाली उतरत आणि उकाड्यात तळ खणून सपाट करत. मग तिथे ३५० टनांचे काँक्रीटचे ठोकळे बसवत. १८७१ ते १९५८ ती कामात होती. २०१५ मध्ये तिथल्या लोकांनी ती धक्क्यावर उंच उभी केली आणि खाली छोटं संग्रहालय केलं. मी तिथे उभा राहून रडलो.

कारण आत काय होतं ते मला ठाऊक आहे. मुंबईच्या पाण्यात हाताला हात दिसत नाही. चाचपडत काम करायचं, वर दोर धरलेल्या माणसावर जीव टाकून. माझा डावा कान गेला, खांदे रात्री झोपू देत नाहीत. भरपाईच्या अर्जाला उत्तर आलं की कामाची नोंद सापडत नाही. नोंद नाही, बार्जही नाही. मग आम्ही होतो याला पुरावा काय?

विक्रांतचं तरी काय केलंत? १९६१ पासून नौदलात राबलेली युद्धनौका, २०१२ पर्यंत लोक तिकीट काढून बघत होते. २०१४ मध्ये मुंबईतल्या दारूखाना इथे, जिथे जुनी जहाजं भंगारात काढतात, ती तोडायला घेतली. तिच्यासाठी निदान लोक कोर्टात गेले. आमच्या बार्जसाठी कोण जाणार? २०१६ मध्ये अरबी समुद्रात शिवस्मारकाचं जलपूजन झालं. पूजेला सगळे हजर असतात, पाया घालायला खाली कोण उतरणार हे कुणी विचारत नाही. या राज्यात उद्घाटन करणाऱ्याचं नाव दगडावर कोरतात आणि दगड बसवणाऱ्याचं हजेरीपटावरही राहत नाही.

बार्जचा विंच आणि हवेचा पंप अजून भंगारवाल्याच्या आवारात पडलेत. ते आजच ताब्यात घ्या. आणि बार्ज कापायचा आदेश कोणी दिला, ते सहीनिशी कळवा.

आपला,
एक निवृत्त पाणबुड्या, मुंबई