शॅमोनी म्हणजे नुसते बर्फावरचे खेळ नव्हेत

महोदय,

२०३० चं हिवाळी ऑलिम्पिक फ्रेंच आल्प्समध्ये होणार म्हटल्यावर तिथल्या शॅमोनी गावाचं नाव पुन्हा निघतं, पण तिथे झालेल्या १९२४ च्या पहिल्या स्पर्धेपुरतंच. गावावर हा जरा अन्यायच. सतराव्या शतकात इथले शेतकरी हिमनद्यांना इतके भ्यायचे, की त्या शेतांवर चालून येऊ नयेत म्हणून बिशपला बोलावून प्रार्थना करवून घेतली. पुढे त्याच हिमनद्या पाहायला पाहुणे येऊ लागले! ८ ऑगस्ट १७८६ रोजी माँ ब्लाँ हे आल्प्सचं सर्वोच्च शिखर पहिल्यांदा सर करणारे दोघेही इथलेच: स्फटिकांच्या शोधात डोंगर पालथे घालणारा जाक बाल्मा आणि गावचा डॉक्टर पकार. श्रेयावरून नंतर वाद झालाच (तो कुठे होत नाही?). १८०८ मध्ये मारी पाराडी ही मोलकरीणही शिखरावर पोहोचली. १८२० मध्ये माँ ब्लाँवरच्या अपघातात तीन वाटाडे गेले आणि दुसऱ्याच वर्षी वाटाड्यांनी आपली संघटना उभारली. ती आजही चालू आहे. पर्यटनाचा कारभार पूर्णपणे बाहेरच्यांकडे गेला नाही, तो मला वाटतं यामुळेच.

१९५५ पासून रोपवे थेट एग्वी द्यू मिदीच्या ३,८४२ मीटर उंच शिखराजवळ नेतो. शेजारची मेर द ग्लास हिमनदी मात्र इतकी खचली आहे, की बर्फापर्यंत उतरायला वेळोवेळी नव्या पायऱ्या जोडाव्या लागल्या. आपल्या क्रीडा पुरवणीत पदकांसोबत एवढंही छापून यावं, ही विनंती.

— एक वाचक