केसपेपरवर वाडी आणि तापाची तारीख हवी

मा. संपादक,

लावणी सुरू झाली की सिंधुदुर्ग-रत्नागिरीत लेप्टोची (चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) धास्ती आणि तो टाळण्यासाठीच्या डॉक्सीसायक्लिन गोळ्यांचे वाटप दोन्ही सुरू होतात. गोळ्यांचा उपयोग किती झाला, याचे उत्तर आपल्याच ओपीडी रजिस्टरात मिळायला हवे. तिथे 'ताप, ३ दिवस' एवढेच लिहिलेले असेल तर ते कसे मिळणार?

सर्वांत महागात पडते ते तापाच्या पहिल्या दिवसाची तारीख नसणे. लेप्टोची आयजीएम एलायझा ही रक्तातली प्रतिपिंडे पाहणारी चाचणी साधारण पाचव्या ते सातव्या दिवसानंतर भरवशाची होते. त्याआधी थेट जंतूचा अंश शोधणारी पीसीआर लागते. दुसऱ्या दिवशीच्या रक्ताची एलायझा निगेटिव्ह आली म्हणून लेप्टो नाही असे ठरत नाही, पण तारीखच नसेल तर रजिस्टरात ते 'नाही' म्हणूनच मोजले जाते.

गोळ्यांच्या हिशेबातही फसगत आहे. आठवड्याला २०० मिलिग्रॅम घेणारे बहुतेक चिखलात उतरणारेच. त्यांची तुलना अख्ख्या गावाशी केली, तर गोळी घेणारेच जास्त आजारी दिसतील. लावणीवाल्यांची तुलना लावणीवाल्यांशीच करावी. शिवाय वाटपवहीत दिलेली गोळी दिसते, गिळलेली नव्हे!

आकडेही जपून वाचावेत. साकव पाण्याखाली गेला की ओपीडी घटते, ताप घटत नाही. चाकरमानी आले की ती वाढते, आणि गणपती दरवर्षी त्याच आठवड्यात येत नाहीत. म्हणून मागील पाच वर्षांच्या त्याच आठवड्याशी ताडताना गणपतीचे दिवस वेगळे काढावेत. एकच रुग्ण तीनदा आला तर नवा-जुना पाहून एकदाच मोजावा.

दोडामार्ग-बांद्याकडे माकडतापाचा (माकडांनाही मारणाऱ्या, गोचिडीतून पसरणाऱ्या तापाचा) हंगाम म्हणजे काजूचाच हंगाम. मेलेल्या माकडाची खबर वनखात्याकडे आणि तापाची नोंद आरोग्य केंद्रात. वाडीचे नाव दोन्हीकडे असेल तरच त्या जुळतील. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांचे असेच बारकाईने निरीक्षण केले. ते १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोचले.

नवे अॅप नको. केसपेपरवर चार रकान्यांचा रबरी शिक्का पुरे: तापाचा पहिला दिवस, वाडी, गेल्या महिन्यातले काम, शेवटची गोळी कधी. केसपेपरच्या खिडकीवरच विचारावे, डॉक्टरांपुढच्या रांगेत नव्हे. ही माहिती बाहेर देताना मात्र नावाबरोबर वाडीही गाळावी. बारा घरांच्या वाडीत वय आणि काम कळले की माणूस कोण ते सगळ्यांना कळते.

— सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील काही वाचक, कुडाळ