आई-बाबा, माझा घसा ठणठणीत आहे

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, मी बरी आहे. फोनवर सांगितलं असतं तर आई अर्ध्यात रडली असती आणि बाबांनी "बरं, ठेवतो" म्हणून विषय संपवला असता, म्हणून लिहायला बसले. ऑफिसातून डिसेंबरअखेरपर्यंत बिनपगारी रजा घेतली आहे. नोकरी सोडलेली नाही. मंजुरीचा ईमेल आहे, मेडिक्लेम चालू आहे, जानेवारीत मी त्याच खुर्चीत असेन. बाबांनी माझ्या नावावर ठेवलेल्या एफडीला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. आमच्या बँडचा पहिला अल्बम करतोय, खर्च सगळ्यांनी वाटून घेतलाय, माझा वाटा गेल्या दिवाळीच्या बोनसमधून गेला. जेवणाचं म्हणाल तर मावशींचा डबा दोन्ही वेळ येतो आणि भाकरी गरम असते.

मामाच्या पिंट्याने तुम्हाला मी किंचाळत गातानाची ती क्लिप पाठवायला नको होती. निदान आधी मला विचारायचं. बाबा काहीच बोलले नाहीत, आणि आई, तू एवढंच विचारलंस, "घसा दाखवलास का कुणाला?" तू हे का विचारलंस ते मला कळतं. चाळीस पोरांच्या वर्गावर ओरडून तुझ्या स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या आणि डॉक्टरांनी मौन सांगितलं होतं, तेव्हा तू पाटीवर "जेवलीस का?" लिहून माझ्यासमोर धरायचीस. मी पण पाटीवरच उत्तर द्यायचे, मला बोलायची बंदी नसताना.

तर दाखवला आहे घसा. इथल्या डॉक्टरांनी दुर्बिणीने बघितलं, गाठ नाही, सूज नाही. पण माझ्या शब्दावर तू थांबणार नाहीस, म्हणून एका परक्या मुलाचं सांगते. अमेरिकेत न्यू जर्सीचा लॉर्ना शोर नावाचा बँड आहे, त्यात विल रामोस गातो. हा माणूस माझ्या दसपट भयंकर आवाज काढतो. युटा विद्यापीठातल्या आवाजाच्या अभ्यासकांनी त्याच्या नाकातून कॅमेरा घालून, तो ओरडत असताना आतलं चित्रण केलं. यूट्यूबवर आहे, पण जेवताना बघू नका. खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात. हा खरखरीत आवाज बराचसा तिथून आणि आजूबाजूच्या भागातून निघतो. त्याचे स्वरतंतू चांगले निरोगी दिसले. तू वर्गात ओरडायचीस ते थेट तंतूंवर जोर देऊन. आम्ही तसं करत नाही, शिकून करतो. समोर उभं राहिलात तर आवाज फार मोठाही नसतो, बाकीचं काम माइक करतो. शेजारच्या काकूंना मी अजून हिशेबाचं काम करणारी साधी मुलगी वाटते.

या प्रकाराला डेथकोर म्हणतात. डेथ मेटल नावाच्या कर्कश रॉकचा वेग आणि हार्डकोर पंकचा दणका. मध्येच गाणं एकदम संथ होतं आणि सगळी वाद्यं एकाच ठोक्यावर कोसळतात. ऐकायला हवंच असं नाही. पण मी हे का करते ते कळावं म्हणून त्याच बँडच्या 'पेन रिमेन्स' या अल्बमबद्दल लिहिते, कारण तो नसता तर मी अजून दर शनिवारी नुसती ढोलपथकात गेले असते.

या मुलांचं २०१९ च्या अखेरीस सगळं विस्कटलं. गायकावर गंभीर आरोप झाले, त्याला त्यांनी काढलं, आणि तयार असलेला अल्बम जानेवारी २०२० मध्ये त्याच काढलेल्या माणसाच्या आवाजात बाहेर आला. पुढे दोन महिन्यांत लॉकडाऊन. दुसरं कुणी असतं तर गिटारी विकून मोकळं झालं असतं. त्यांनी रामोसला घेतलं आणि २०२१ मध्ये फक्त तीन गाण्यांची छोटी रेकॉर्ड काढली. त्यातलं 'टू द हेलफायर' टिकटॉकवर पसरलं. शेवटचा भाग ऐकताना तोंड कसं वासतं याचे व्हिडिओ लोक काढत होते. झालं, आता जगाला त्यांच्याकडून तेवढंच हवं होतं, तोच आवाज, आणखी घाण.

मग ते पुन्हा मिशिगनच्या जॉश श्रोडर या निर्मात्याकडे गेले, आधीचंही काम त्याच्याकडेच झालं होतं. आणि केलं काय, तर तासाभराचा, दहा गाण्यांचा अल्बम, त्यात वाद्यवृंदाचे थर, आणि शेवटी एकाच नावाची तीन सलग गाणी. सगळी मिळून वीसेक मिनिटं. स्वप्नात जाऊन देव होणारा माणूस, हवं ते सगळं मिळवतो आणि तरी रिकामाच राहतो, अशी गोष्ट आहे. १४ ऑक्टोबर २०२२ ला सेंच्युरी मीडिया या रेकॉर्ड कंपनीने तो काढला. मेटलच्या मासिकांनी भरभरून लिहिलं. नावं ठेवणारेही निघाले, लांबण फार आहे, गाणी एकाच साच्यातली आहेत, आवाजाची भिंत इतकी जाड आहे की श्वास घ्यायला जागा नाही. मला विचाराल तर मधली दोन गाणी मीही पुढे ढकलते आणि बेस गिटार तर शोधावी लागते. पण शेवटच्या गाण्याला नऊ मिनिटं जातात आणि त्यात राग कुठेच नाही, कुणीतरी गेल्यावर मागे राहिलेल्याचं आहे ते सगळं. पिंट्याला जे भुताटकी वाटतं ते ऐकून मोठमोठी दाढीवाली माणसं रडतात.

बाबा, तुमच्यासाठी एक. ऑस्टिन आर्ची हा त्यांचा ड्रमर. दोन्ही पायांनी बास ड्रम इतका जलद वाजवतो की ठोके वेगळे ऐकूच येत नाहीत. आमचा ड्रमर त्याच्या निम्म्यानेही नाही, तरी आमच्या स्टुडिओत एकेक ठोका ऐकून तपासतात, तुम्ही डेपोत टॅपेट सेट करताना इंजिनाला कान लावायचात तसा. कुठला पाय किंचित मागे पडतोय ते मला आता कळतं. हे तुमच्याकडून आलंय, आईकडून नाही, तिला कुकरच्या शिट्ट्याही मोजता येत नाहीत.

माझं काम भिंतीतल्या कपाटाएवढ्या खोलीत चालतं. आवाज घुमू नये म्हणून तिन्ही बाजूंनी गोधड्या लावल्यात आणि समोरची तू दिलेली आहे, आजीच्या जांभळ्या नऊवारीची. माइक तिच्यापासून वीतभर. कागदावर पेन्सिलीने श्वासाच्या खुणा केल्यात. एक ओळ गायची, मग तीच अगदी तशीच पुन्हा, मग आणखी एकदा खालच्या आवाजात. तिन्ही एकावर एक ठेवतात. शब्दातला शेवटचा 'त' तिन्ही वेळा एकदम नाही पडला की रेकॉर्डिस्ट हात वर करतो आणि पुन्हा सगळं. कोमट पाणी पिते, ताक बंद, लोणचं बंद. आई, बंद म्हणजे सध्या बंद, पाठवायचं थांबवू नकोस.

तू म्हणालीस, "एवढा गळा चालतो तर जरा सरळ गा ना." कॅलिफोर्नियाच्या सुइसाइड सायलेन्सने तेही करून बघितलंय. डेथकोरमधलं मोठं नाव. त्यांनी रॉस रॉबिन्सनला निर्माता घेतलं आणि २०१७ च्या अल्बममध्ये गायक बऱ्याच ठिकाणी चक्क सरळ गायला. पहिलं गाणं बाहेर पडताच चाहत्यांनी अल्बम निघूच नये म्हणून ऑनलाइन अर्ज सुरू केला, सह्याही झाल्या. तेव्हा सध्या तरी राहू दे. मला त्या अल्बमची कीव येते खरं तर, धाडस होतं ते.

आता जे सांगायला हे सगळं लिहिलं ते. आमच्या अल्बममधलं पाचवं गाणं दादावर आहे. त्यात नाव नाही, गाव नाही, मोटारसायकल नाही. कुणाला कळणार नाही, पिंट्यालासुद्धा नाही. तुमच्यावर त्यात एक ओळही नाही, ती दिवाळी नाही, हॉस्पिटल नाही. आपण घरात त्याचं नाव घेत नाही ते बरोबर असेल, मी काही म्हणत नाही. पण मला कुठेतरी ते घ्यायचं होतं आणि मला साध्या आवाजात घेता आलं नसतं. तुम्ही ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही ऐकलंत तर मी कधीच विचारणार नाही. ऐकणार असाल तर मात्र फोनच्या स्पीकरवर नको, मी येईन तेव्हा माझ्या हेडफोनवर ऐका, आणि आधी शब्द वाचून दाखवते.

कट्ट्यावर कुणी विचारलं तर बाबांनी "पुण्यात रेकॉर्डिंग करते" एवढंच सांगायचं, जास्त खुलासा करायचा नाही. गौरी येतात त्याच्या आदल्या रात्रीच्या गाडीने येते, विसर्जन झालं की परत. फराळाची तयारी मी आल्यावर करायची, आईने स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढायचे नाहीत, हे लिहून ठेवते आहे. बीपीची गोळी सकाळचीच, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या कुणालाही ओटीपी द्यायचा नाही, तो कितीही गोड मराठी बोलला तरी. आणि बाबा, मोतीबिंदूची तारीख तुम्ही दुसऱ्यांदा पुढे ढकललीत हे मला दवाखान्यातूनच कळलंय. सोमवारी फोन करून नवीन तारीख घ्या, गणपतीनंतरची चालेल. नाही घेतलीत तर मीच घेईन आणि रजेचे दिवस त्यातच जातील, मग अल्बम राहिला तर तुमच्या नावावर.

तुमची,
पमी

ता. क. पिंट्याला रागवू नका. त्याला मीच बघते.