सिकलसेलचा नकाशा टाचेच्या थेंबापासून हवा

संपादक महोदय,

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या निर्मूलनाची मोहीम १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे लक्ष्य. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडची जोखमीची बाळंतपणे इंदूरला येतात, म्हणून हा विषय आपल्या दारातलाच आहे. तपासण्यांच्या आकड्यांवरून रंगवलेला नकाशा पुष्कळदा शिबिरांचाच नकाशा ठरतो: शिबिर झाले ते गाव लाल, शेजारचे कोरे. वाहक (दोष अंगात असूनही स्वतः आजारी नसलेले) आणि रुग्ण एकाच बेरजेत धरले, तर औषध किती मुलांना लागेल हे कळत नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे, मोठ्यांच्या तपासणीत लहानपणीच दगावलेली मुले मोजलीच जात नाहीत. ती उणीव फक्त जन्मवेळच्या तपासणीने भरून निघते.

शिबिरातली सोल्युबिलिटी चाचणी (रक्ताने द्रावण गढूळ होते का, हे पाहणारी) मात्र नवजात बाळाला चालत नाही. त्याच्या रक्तात बहुतांश गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन असते आणि ‘एस’, म्हणजे सिकलसेलचे हिमोग्लोबिन, इतके थोडे, की रुग्ण बाळही निगेटिव्ह येते. सहा महिन्यांपर्यंत तिच्यावर विसंबू नये. २४ ते ७२ तासांत टाचेच्या कडेला टोचून पहिला थेंब पुसावा, पुढचा फिल्टर पेपरवर घ्यावा; वर्तुळ पाठीमागूनही भरलेले दिसले पाहिजे. कार्ड आडवे ठेवून सावलीत ३-४ तास वाळवावे. ओले कार्ड पाकिटात कोंबले की, विशेषतः पावसाळ्यात, नमुना बिघडतो. रक्त चढवायचे असेल तर नमुना आधी घ्यावा, नाहीतर तपासले जाते ते दात्याचे रक्त. एचपीएलसीवर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीत) ‘एफएस’, म्हणजे फक्त गर्भावस्थेतले आणि ‘एस’ हिमोग्लोबिन, आल्यास आईवडिलांचीही तपासणी हवी, कारण एस-बीटा थॅलेसेमियाही (एका पालकाकडून ‘एस’, दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचा दोष) सुरुवातीला असाच दिसू शकतो.

रिपोर्ट दोन महिन्यांच्या आत घरी पोहोचलाच पाहिजे. तेव्हापासून रुग्ण बाळाला संसर्ग टाळण्यासाठी पेनिसिलिन सुरू होते: १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तीन वर्षांनंतर २५०, पाच वर्षांपर्यंत. अमेरिकेतल्या १९८६ च्या अभ्यासात त्याने न्यूमोकोकस या जंतूचा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. आईला डाव्या बरगडीखाली प्लीहा चाचपायला शिकवावे; ती वाढली आणि मूल एकाएकी पांढरे पडले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

म्हणून विनंती: शहरातल्या सरकारी-खासगी प्रसूतिगृहांनी वाहक मातेचे बाळ या तपासणीशिवाय घरी सोडू नये. बाळंतीण माहेरी जाते, कुटुंब मजुरीला गुजरातेत जाते. कार्डावर तिचे गाव, फलिया (पाडा) आणि आशाताईंचा फोन लिहावा, आणि नोंद इंदूरच्या नावावर न पडता त्या गावाच्या नावावर पडावी.

— एक बालरोगतज्ज्ञ, इंदूर