फिल्टर कॉफीला खळखळते पाणीच हवे

महोदय,

'कॉफीवर उकळते पाणी ओतू नका, मिनिटभर निवू द्या' असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. घरी स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरमध्ये (एकावर एक दोन भांडी, वरच्याच्या तळाला भोके) कॉफी करणाऱ्यांनी तो डोळे झाकून पाळू नये, म्हणून हे पत्र.

कॉफीचा अर्क नीट उतरायला साधारण 90 ते 96 अंश सेल्सिअस तापमान लागते, पण ते पुडीपाशी. मुंबईत पाणी 100 अंशांना उकळते. (महाबळेश्वरच्या उंचीवर ते 95-96 लाच उकळते, तिथे निववण्याचा प्रश्नच नाही.) फिल्टरमध्ये आपण जेमतेम 150 मिली पाणी ओततो. गार स्टील आणि 20-25 ग्रॅम पूड मिळून त्याचे तापमान 12-15 अंशांनी लगेच उतरवतात. खळखळते ओतले तरी उरतात 85-88. त्यात आधीच निववलेले पाणी घातले की डिकॉक्शन, म्हणजे खाली उतरलेला दाट अर्क, फिके आणि आंबूस होते. मग दुकानात चिकोरी (कॉफीत मिसळायची भाजलेल्या मुळांची पूड) वाढवून मागितली जाते. तिने रंग आणि दाटपणा येतो, कॉफीचा स्वाद येत नाही.

तेव्हा वरचे भांडे आधी उकळत्या पाण्याने विसळून पुसून घ्यावे. पूड घालून तिच्यावर फिल्टरसोबतची भोकांची चकती नुसती टेकवावी. पूड भिजेल इतकेच पाणी ओतून अर्धा मिनिट थांबावे. ताजी पूड फुगते, बुडबुडे येतात. उरलेल्या पाण्याला पुन्हा उकळी आणून मगच ते ओतावे आणि झाकण लावावे. डिकॉक्शन उतरायला 15-20 मिनिटे लागतात.

थेंब अडकले तर दोष पाण्याचा नसतो. चिकोरी फुगते, त्यात चकती दाबलेली असली की वाट बंद होते. कधी खालच्या भांड्यात हवा कोंडते. वरचे भांडे जरा उचलून पुन्हा बसवले की सुटते. पावसाळ्यात पुडीच्या गुठळ्या होतात आणि पाणी एकाच बाजूने पळते, म्हणून तेव्हा 100-200 ग्रॅमच आणावी.

काचेच्या फ्रेंच प्रेसमध्ये (दांड्याने जाळी खाली दाबायचे भांडे) मात्र अर्धा लिटर पाणी सहज मावते आणि ते लवकर निवत नाही. गडद भाजलेली पूड असेल तर तिथे जरा थांबणे योग्यच. नाहीतर कडवटपणा उतरतो.

आणि उतरलेले डिकॉक्शन कृपया पुन्हा गॅसवर चढवू नये. उकळायचे ते दूध. डिकॉक्शन गार झालेच, तर भांडे गरम पाण्यात ठेवावे.

– एक वाचक, माटुंगा, मुंबई