टाकीचं काय झालं ते

पुणे

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "एक टाकी गळतेय, त्यात एवढं काय? एम-सील थाप आणि मोकळा हो." फोनवर हुज्जत घालण्यापेक्षा सविस्तर लिहितो. गाडी निम्मी तुझी आहे, तेव्हा निम्मा मनस्तापही तुझ्या वाट्याला यायला हवा.

पार्किंगच्या कोपऱ्यात आपली मोटरहोम, आपलं चाकांवरचं घर, उभी असते, तिथल्या फरशीवर काळपट डाग धरायला लागला होता. पिण्याच्या पाण्याची टाकी गळली असती तर कुणी हूं की चूं केलं नसतं. ही सांडपाण्याची. तांदळाचं धुवण, साबण, तेलकट खरकटं असं सगळं उकाड्यात दोन दिवस आत मुरलं की जो वास सुटतो, त्याला मोरीचा वास म्हणणं हा मोरीचा अपमान आहे. तोंडावर अर्थातच कुणी काही बोललं नाही, पुण्यात तशी पद्धत नाही. फळ्यावर सूचना लागली : 'वाहन फिरते असले तरी त्याचा वास येथेच मुक्कामी आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी.' अख्ख्या सोसायटीत संबंधित मी एकटाच.

थेंब पडतो तिथेच भोक असतं असं मुळीच नाही. पाणी टाकीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीच्या कडेकडेने सरकतं, चेसिसवर जातं आणि भलतीकडेच ठिबकतं. टँक निपलचा (टाकीला नळी जोडायच्या तोटीचा) वॉशर, पाणी सोडायचा बॉल व्हॉल्व्ह आणि खुद्द टाकी, असे तीन संशयित होते. गाडी स्टँडवर चढवली (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली तू घुसतोस, ते आता बंद कर), टाकी बाहेरून कोरडी पुसली, तिच्यावर टाल्कम पावडर फासली आणि वरच्या सिंकमधून नीळ कालवलेलं पाणी सोडलं. व्हॉल्व्ह आणि निपल कोरडे ठणठणीत. मागच्या पट्टीखालून मात्र निळा ओघळ निघाला. पट्टी सोडली तर तिच्या बरोबर कडेला बोटभर लांबीची चीर, आणि चिरेवर गेल्या वर्षी एका गॅरेजवाल्याने थापलेलं एम-सील. नखाने उचकटलं तर अख्खी वडी हातात आली. टाकीवर तिचा डागसुद्धा नव्हता!

म्हणून तुझा सल्ला मी ऐकला नाही. टाकी पॉलिथिलीनची आहे आणि या प्लॅस्टिकला नेहमीचं काहीच धरत नाही. अराल्डाइट नाही, पीव्हीसी पाइपचं सोल्यूशन नाही, सिलिकॉनही नाही. त्याचा पृष्ठभागच असा की चिकटणारं द्रव्य नीट पसरत नाही, आत मुरत नाही. परदेशी बनावटीच्या गाड्यांतल्या काही टाक्या एबीएस नावाच्या दुसऱ्या प्लॅस्टिकच्या असतात, त्यांचं वेगळं. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं, त्याचाच चुरा विरघळवून लापशी करायची आणि चिरेत भरायची. म्हणजे आधी प्लॅस्टिक ओळखायचं आणि मग बाटली उघडायची.

ते ओळखायचं कसं, हे गच्चीवरच्या टाक्या वेल्ड करणाऱ्या एका माणसाने दाखवलं. टाकी खाली उतरवून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने खळबळून त्याच्यासमोर ठेवली. (टॉयलेट क्लीनरचं ॲसिड ब्लीचिंगमध्ये कधीही मिसळू नकोस, क्लोरीन वायू सुटतो.) त्याने कडेची एक कपची काढून पेल्यातल्या पाण्यात टाकली, ती तरंगली. दुसरी काडीने पेटवून विझवली आणि माझ्या नाकापुढे धरली. विझल्या मेणबत्तीचा वास. "काळा धूर नाही, काजळी नाही. ही वेल्ड होणार," तो म्हणाला. एबीएसची कपची बुडते आणि जळताना भरपूर काजळी सोडते.

पुढचं काम मी मांडी घालून बघितलं. चिरेच्या दोन्ही टोकांना त्याने बारीक ड्रिलने भोकं पाडली. टोक अणकुचीदार राहिलं तर सगळा ताण तिथे गोळा होतो आणि चीर पुढे धावते, गोल भोकात ती थांबते. मग पात्याने आजूबाजूचा उन्हाने मेलेला थर खरवडून आतलं ताजं प्लॅस्टिक उघडं केलं आणि चिरेची व्ही आकाराची खाच केली. भरायला त्याच जातीच्या जुन्या टाकीची कापलेली पट्टी. हॉट एअर गन तीनशे अंशांच्या आसपास. पट्टी आणि खाच दोन्ही एकाच वेळी ओलसर चकाकायला लागली की पट्टी दाबत पुढे सरकायचं. त्याची नजर सतत दोन्ही कडांवर. दोन्हीकडून वितळलेल्या प्लॅस्टिकचा बारीक कणा वर आला तर जोड एकजीव झाला. नुसती पट्टी वितळून वर बसली तर ती उद्या निघणार. घाई म्हणून मी पाणी मारायला निघालो तर हात धरला त्याने. आपोआप गार होऊ द्यायचं.

आता चीर पडलीच का, तर वयामुळे असं सगळे म्हणतात. माझं मत वेगळं आहे. पन्नास लिटर पाणी म्हणजे पन्नास किलो, आणि ते सगळं दोन अरुंद लोखंडी पट्ट्यांवर लटकलेलं. कात्रज, खंबाटकी, वरंधा आणि गल्लोगल्लीचे गतिरोधक, प्रत्येक धक्क्याला तो भार त्याच दोन रेषांवर आपटतो. त्यात आत साबणाचं पाणी. ताणाखालच्या पॉलिथिलीनला साबणाच्या पाण्यात लवकर चिरा पडतात. कारखान्यात या प्लॅस्टिकची चाचणी घेताना नमुना वाकवून साबणासारख्या द्रवातच बुडवून ठेवतात. आपण तीच चाचणी वर्षानुवर्षं घाटात घेत होतो! चीर पट्टीच्या कडेलाच का, याला दुसरं उत्तर मला तरी सापडत नाही.

त्यामुळे नुसतं वेल्डिंग करून टाकी पुन्हा तशीच लटकवण्यात अर्थ नव्हता. नऱ्ह्याच्या एका फॅब्रिकेटरकडून लोखंडी अँगलचा ट्रे करून घेतला, आता टाकी अख्ख्या तळावर बसते. ट्रेमध्ये आणि पट्ट्यांखाली ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर घातलं. बोहरी आळीतून नवा बॉल व्हॉल्व्ह, वॉशर आणि होज क्लिपा आणल्या, जुन्या गंजल्या होत्या. टाकी काठोकाठ भरून रात्रभर ठेवली. सकाळी खाली पसरलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडा होता.

एक राहिलंय. टाकीची हवा जायची नळी साबणाच्या चिकट्याने अर्धी बुजलीय, म्हणून रिकामी करताना पाणी गुडगुडत, अडखळत येतं. ते तू आलास की करू, मला एकट्याला हात पोचत नाही.

"विकून टाकू या का?" असं तू विचारलंस, त्याचं उत्तर नाही. पुढच्या वर्षी नोंदणीची पंधरा वर्षं भरतात, नूतनीकरण होऊन आणखी पाच वर्षं मिळतील. पर्यावरण कर भरावा लागेल, भरू. इंजिन अजून एका सेल्फला उठतं.

ट्रे, वेल्डिंग आणि सामान मिळून ४,६०० झाले. तुझे २,३०० पाठव, उशीर केलास तर फळ्यावर लावीन. दिवाळीनंतर ताम्हिणीने खाली उतरू. येताना तुझ्याकडची लांब दांड्याची रेंच आण, माझी त्या फॅब्रिकेटरकडेच राहिली आणि तो आता 'कुठली रेंच?' म्हणतोय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
पक्या