शकुंतलेसाठी बिनपगारी माणसं घ्या: रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. रेल्वेमंत्री,
रेल भवन, नवी दिल्ली

महोदय, सादर नमस्कार.

मी अचलपूरचा. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक होतो, आता निवृत्त आहे. मुलगी बर्मिंगहॅमला असते. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो असताना एक रेल्वे पाहिली, आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे. आपल्याला रोज वंदे भारतची पत्रं येत असतील. हे आमच्या शकुंतलेचं, म्हणजे मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणाऱ्या, आता बंद पडलेल्या अडीच फुटी रुळांवरच्या गाडीचं आहे, तेव्हा दोन मिनिटं जास्त द्यावीत.

बर्मिंगहॅमहून वेल्सच्या किनाऱ्याला थेट गाडी जाते. त्या मार्गावर टविन नावाचं छोटं गाव आहे. तिथून डोंगरात शिरणारी टॅलिलिन रेल्वे सव्वासात मैलांची, म्हणजे बारा किलोमीटरही नाही. रुळांमधलं अंतर सव्वादोन फूट, आपल्या शकुंतलेपेक्षा तीन इंच कमीच. (नावाचा उच्चार चुकला असणार. आपला ‘ळ’ त्यांना येत नाही आणि त्यांचा तो जोड ‘ल’ मला शेवटपर्यंत आला नाही.) १८६५ साली पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी ही लाइन टाकली. आपल्याकडे रुईच्या गाठी, त्यांच्याकडे छपरावर घालायच्या पाट्या, एवढाच फरक.

मी लवकर पोचलो म्हणून इंजिनाशी जाऊन उभा राहिलो. साठीच्या आसपासची एक बाई निळा डगला घालून, हातात लांब नळीची तेलाची कुपी घेऊन चाकांच्या मधे वाकली होती. कनेक्टिंग रॉडच्या प्रत्येक तेलकपाचं बूच काढायचं, तेल भरायचं, बूच लावायचं आणि बोटाने एकदा चाचपायचं. मी तीस वर्षं पोरांना हेच शिकवलं: बूच लावलं म्हणू नका, हात लावून बघा. विचारलं तर म्हणाली, शाळेत भूगोल शिकवायचे. महिन्यातून दोन शनिवार-रविवार येते. आधी इंजिन पुसायला होती, मग फायरमनची परीक्षा दिली, आता ड्रायव्हरकडे शिकते आहे. पगार? हसली. गार्ड पूर्वी आयकर खात्यात होता. तिकीट देणारा, फाटकावरचा, रुळालगतची झुडपं तोडणारी टोळी, बहुतेक सगळे असेच. पगारी माणसं आहेत, पण थोडी.

आता मुद्द्याची गोष्ट. ब्रिटन सरकारने १९४७ चा कायदा करून देशातल्या रेल्वे ताब्यात घेतल्या, त्यातून ही लाइन राहून गेली. मालक सर हेन्री हेडन जोन्स, माजी खासदार. खाण १९४६ साली बंद पडली तरी आपण जिवंत असेपर्यंत गाडी चालू राहील असा त्यांनी शब्द दिला होता आणि तो पाळला. १९५० च्या जुलैत ते गेले. गवताने रूळ झाकलेले, धड चालणारं इंजिन एकच. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला टॉम रोल्ट नावाच्या गृहस्थांनी बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा घेतली, सोसायटी काढली, आणि १४ मे १९५१ ला तेच एक इंजिन जोडून गाडी सोडली. स्वयंसेवकांनी चालवायला घेतलेली जगातली ही पहिली रेल्वे.

राष्ट्रीयीकरणातून राहून गेलेली लाइन म्हटल्यावर आपल्याला काही आठवलं असेलच. आपल्याकडे १९५१ साली रेल्वे सरकारच्या झाल्या तेव्हा मूर्तिजापूर ते अचलपूर आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ ही लाइन अशीच बाजूला राहिली. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या ती मालकीची, चालवायची मात्र भारतीय रेल्वेने. दोन्ही फाटे मिळून जवळपास १९० किलोमीटर. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत ती गाडी ओढत होतं, मग डिझेल आलं. गार्डच खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे गेली की फाटक उघडून धावत येऊन चढायचा. अचलपूरहून मूर्तिजापूरला चार तास. माझी आई पथ्रोटच्या माहेरी याच गाडीने जायची आणि भाकरीचं फडकं इंजिनाजवळच्या डब्यात नको म्हणायची, राखेचे कण पडतात म्हणून. आता दोन्ही फाट्यांवर गाडी नाही. आमच्या स्टेशनात बाभळी माणसापेक्षा उंच झाल्या आहेत.

ब्रॉडगेजची मागणी जुनी आणि रास्त आहे. मीही त्या मोर्चात चाललो आहे. पोरांना अकोल्याला, अमरावतीला वेळेत पोचायचंय, त्यांना झुकझुक गाडीचं कौतुक सांगून काय उपयोग? माझं म्हणणं एवढंच की ब्रॉडगेज कुठूनही न्या, कशीही न्या, पण अचलपूर ते पथ्रोट हा एक तुकडा अडीच फुटीच ठेवा आणि तो आमच्यासारख्यांना सांभाळायला द्या.

इथेच घोडं अडतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही आठ निवृत्त माणसांनी रेल्वेच्या एका कार्यालयाला अर्ज केला होता की रविवारी स्टेशनातली झाडोऱ्याची सफाई करू द्या, विळे-कोयते आमचे, खर्च आमचा. साहेबांनी चहा दिला. बोलले चांगलं. म्हणाले, काका, तुम्ही आत पाय ठेवला की रेल्वे अधिनियमाचं कलम १४७ लागतं, सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या पुस्तकात माणसांचे तीनच खण आहेत: रेल्वेचा नोकर, तिकीटवाला प्रवासी आणि अतिक्रमण करणारा. आम्ही चौथे, आम्हाला खण नाही.

सुरक्षेचं काय, असं आपले अधिकारी विचारतील, आणि विचारलंच पाहिजे. बॉयलर ही खेळायची वस्तू नाही. त्यावर त्याच रेल्वेतली एक गोष्ट सांगतो. डब्यात चढताना लक्षात आलं की दारं एकाच बाजूला आहेत, दुसऱ्या बाजूला सगळं बंद. गार्डला विचारलं. लाइन नवी असताना सरकारी निरीक्षक कॅप्टन टायलर तपासणीला आले. त्यांनी पुलाखाली डबा आणि पुलाची भिंत यांतलं अंतर मोजलं, ते दोन फूटही भरेना. दार उघडलं तर माणूस चेंगरणार. पूल पाडायला पैसा नाही. मग एका बाजूची दारं कायमची बंद केली, पुलाखालचे रूळ त्या बाजूला सरकवले, म्हणजे उघडणाऱ्या बाजूला हवी तेवढी जागा मिळाली. सगळे फलाट एकाच अंगाला. दीडशे वर्षं झाली, आजही तसंच चालू आहे. निरीक्षकाने नियम सोडला नाही आणि गाडीही अडवली नाही.

आजही तिथे स्वयंसेवक आहे म्हणून कुणाला सूट नाही. वैद्यकीय तपासणी, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा, मगच फूटप्लेटवर, म्हणजे इंजिनात ड्रायव्हर उभा राहतो तिथे. एकेरी मार्गाचं टोकन, म्हणजे पुढे दुसरी गाडी नाही याची खूण, हातात आल्याशिवाय ड्रायव्हर रेग्युलेटरला, वाफ सोडायच्या दांड्याला, हात लावत नाही. वाटेतल्या डॉल्गॉख स्टेशनात इंजिन पाणी प्यायला थांबलं तेव्हा शेजारच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, पुढच्या वर्षी वय पुरं होईल, मग मीपण येणार. त्याला तिथे खण आहे.

तेव्हा आपल्याकडे एवढंच मागणं: रेल्वेच्या नियमांत ‘स्वयंसेवक’ हा शब्द आणावा. त्याची परीक्षा कोण घेणार, विमा कोण काढणार, त्याच्यावर हुकूम कुणाचा चालणार, हे लिहून द्यावं. ताबा, मालकी, कंपनीचे कागद ही गुंतागुंत वकिलांची आहे, ती सुटायला वेळ लागेल. सफाईला तेवढा वेळ नाही, बाभळी थांबत नाहीत. हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये रेल्वेने वाफेची इंजिनं जिवंत ठेवली आहेत, म्हणजे शिकवणारे हात अजून रेल्वेकडे आहेत. तेही निवृत्त होतील.

सोबत आमची यादी जोडतो. दोन फिटर, एक वेल्डर, एसटीच्या वर्कशॉपमधला एक मेकॅनिक, दोन शाळामास्तर, बँकेतून निवृत्त झालेली एक बाई (हिशेब तिच्याकडे), आणि साखर कारखान्यात बावीस वर्षं बॉयलर सांभाळलेला एक गडी. त्याच्याकडे बाष्पके संचालनालयाचं प्रमाणपत्र आहे, त्याची प्रत स्वतंत्र जोडली आहे. तो त्र्याहत्तर वर्षांचा आहे, म्हणून उत्तर लवकर यावं.

आपला,
अचलपूरचा एक निवृत्त शिल्प निदेशक

ता. क. अर्ज पुन्हा त्याच कार्यालयात द्यायचा असेल तर तसं कळवावं. तिथला चहा चांगला असतो.